‘ग्लायोसिस’ की गाठ? मेंदूच्या तुकड्याला लावलेले रंग काय सांगतात

मेंदूच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात ‘कॅन्सर’ हा शब्द नसतो, ‘ग्लायोसिस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टर मात्र लगेच निर्धास्त होत नाहीत. ‘आणखी दोन-तीन स्टेन करून घेऊ’, ‘ब्लॉक मोठ्या सेंटरला दाखवू’ असं सुचवतात. मग नातेवाइकांच्या मनात शंका येते, की रिपोर्ट तर चांगला आलाय, आता हा जास्तीचा खर्च कशासाठी?

शंका रास्त आहे आणि तिचं उत्तरही सरळ आहे. ग्लायोसिस म्हणजे मेंदूला इजा झाली की तिथल्या आधारपेशींनी दिलेली प्रतिक्रिया. ती स्वतः कॅन्सर नसते. पण कॅन्सरच्या गाठीच्या कडेलाही हीच प्रतिक्रिया सापडते. शिवाय काही सावकाश वाढणाऱ्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब ग्लायोसिससारख्या दिसतात. इथे चूक कोणत्याही बाजूने झाली तरी महागात पडते. गाठ नसताना गाठ म्हटली, तर धडधाकट होऊ शकणाऱ्या माणसाच्या मेंदूला विनाकारण रेडिएशन दिलं जातं. गाठ असताना ‘नुसती सूज आहे’ म्हटलं, तर उपचाराचा वेळ हातचा जातो. जास्तीचे स्टेन या दोन चुका टाळण्यासाठी असतात.

धावून येणाऱ्या पेशी

मेंदूत संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या जोडीला ‘ग्लिया’ नावाच्या आधारपेशी असतात. त्यातल्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींना ॲस्ट्रोसाइट म्हणतात. चेतापेशींना पोषण पुरवणं, रक्तवाहिन्यांभोवती पहारा ठेवणं आणि जखम झाली तर ती भरून काढणं ही त्यांची कामं. पक्षाघाताचा झटका, डोक्याला लागलेला मार, क्षयाची गाठ, पू, रक्तस्राव, यांतलं काहीही झालं की या पेशी फुगतात, फांद्या वाढवतात आणि जखमेभोवती कुंपण घालतात. कातडीवर जखमेचा वण राहतो, तसाच हा मेंदूतला वण. हीच ग्लायोसिस.

ग्लायोमा ही गाठही याच ग्लिया पेशींच्या कुळातली. मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींमध्ये ग्लायोमा सर्वाधिक आढळतात. त्यांतल्या बऱ्याच गाठींना स्पष्ट कड नसते. पाणी जमिनीत मुरावं तशा त्यांच्या पेशी निरोगी मेंदूत मुरत जातात. मधल्या भागात त्यांची दाटी असते, कडेला त्या विरळ होत जातात. सुईने काढलेला तुकडा नेमका अशा कडेचा निघाला, की काचेवर दिसतात फक्त थोड्या जास्त झालेल्या ग्लिया पेशी. त्या मदतीला धावून आलेल्या आहेत की घुसखोर आहेत, हे नुसत्या नजरेने ठरवणं अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातं.

पहिला रंग: निळा-गुलाबी

ऑपरेशन थिएटरमधून आलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. मेणाचा हा ठोकळा म्हणजेच ‘ब्लॉक’. त्यावरून ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढून काचपट्टीवर घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो. रंग लावल्याशिवाय त्यात काहीच उठून दिसत नाही.

पहिला रंग सगळीकडे एकच असतो, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांची जोडी. हिमॅटॉक्सिलिन मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून मिळतं. ते पेशीच्या केंद्रकाला निळसर जांभळं करतं. इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतं. एकोणिसाव्या शतकातली ही जोडी आजही जगभरच्या लॅबमध्ये रोज वापरली जाते, आणि बहुतेक निदानांची सुरुवात तिच्यापासूनच होते.

या रंगात पॅथॉलॉजिस्ट सगळ्यात आधी पेशींची मांडणी बघतो. भाताची लावणी केलेल्या शेतात रोपांमध्ये ठरावीक अंतर असतं. प्रतिक्रिया देणारे ॲस्ट्रोसाइट असेच, एकमेकांत अंतर राखून उभे असतात. प्रत्येकाचं गुलाबी अंग आणि त्याच्या फांद्या नीट दिसतात. गाठीच्या पेशी तणासारख्या उगवतात, इथे झुबका तर तिथे मोकळं. त्यांचं केंद्रक वेडंवाकडं आणि गडद असतं. पुष्कळदा भोवतीचं अंग दिसतच नाही, नुसतं केंद्रक उघडं पडल्यासारखं वाटतं.

आणखीही खुणा असतात. चुन्याचे बारीक कण आणि पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या दिसल्या की कल गाठीकडे झुकतो. गाठीच्या पेशी चेतापेशींभोवती आणि रक्तवाहिन्यांभोवती गोळा होतात, हे हान्स शेरर यांनी १९३८ मध्ये नोंदवलं होतं. ही खूण आजही उपयोगी पडते. पण तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असेल तर या सगळ्या खुणा त्यात सापडतीलच असं नाही. म्हणून पुढचे रंग लागतात.

सोन्याच्या क्षारापासून अँटिबॉडीपर्यंत

ग्लिया पेशींना वेगळं रंगवण्याची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ मध्ये सोन्याचा आणि पाऱ्याचा क्षार वापरून ॲस्ट्रोसाइट ताऱ्यांसारखे उठून दिसतील अशी पद्धत काढली. त्यांचेच सहकारी पिओ देल रिओ ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराने मायक्रोग्लिया ही आणखी एक पेशी वेगळी दाखवली. अमेरिकेत बेली आणि कुशिंग यांनी १९२६ मध्ये ग्लायोमांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. तेही अशाच रंगवलेल्या पेशींच्या रूपावर आधारलेलं होतं.

हे जुने रंग लहरी होते. एकाच तुकड्यावर एक दिवस छान जमायचे, दुसऱ्या दिवशी बिघडायचे. खरा बदल अँटिबॉडीमुळे झाला. अँटिबॉडी एका ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटते, जशी एक किल्ली एकाच कुलपाला लागते. ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटेल अशी व्यवस्था केली, की ते प्रथिन कोणत्या पेशीत आहे ते डोळ्यांनी दिसतं. रिपोर्टमध्ये ‘आयएचसी’ लिहिलेलं असतं ते याच तपासणीसाठी. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकसारखी अँटिबॉडी हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली आणि पुढे ही तपासणी रोजच्या वापरात आली.

जीएफएपी: कूळ सांगतो, गुन्हा नाही

मेंदूच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ हमखास दिसणारा मार्कर म्हणजे जीएफएपी. ॲस्ट्रोसाइटच्या अंगातल्या बारीक तंतूंचं हे प्रथिन. गंमत अशी, की अमेरिकी शास्त्रज्ञ लॉरेन्स एंग यांनी ते मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मेंदूतल्या जुन्या वणांतून, म्हणजे ग्लायोसिसमधूनच, वेगळं केलं होतं.

तेव्हा ‘जीएफएपी पॉझिटिव्ह’ वाचून घाबरून जाऊ नये. पेशी ग्लिया कुळातली आहे, एवढंच हा मार्कर सांगतो. ती मदतनीस आहे की गाठीची, हे तो सांगत नाही. दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेला कॅन्सर, लिम्फोमा असे पर्याय बाजूला काढायला त्याचा उपयोग होतो. शिवाय रंग चढल्यावर फांद्या आणि पेशींमधलं अंतर स्पष्ट दिसतं, त्यामुळे लावणी आणि तण यांतला फरक ओळखणं सोपं जातं.

केआय-६७ आणि पी५३: उपयोगी, पण फसवणारे

केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशीत दिसतं. जर्मनीतल्या कील शहरात ते सापडलं, म्हणून ‘केआय’. त्याची पहिली माहिती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. किती टक्के पेशी रंगल्या ते रिपोर्टमध्ये लिहितात. टक्का मोठा असला आणि रंगलेल्या पेशी खरोखर ग्लियाच असल्या, तर गाठीचा संशय बळावतो.

खरी अडचण लहान टक्क्यांची आहे. सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमातही एक-दोन टक्केच पेशी रंगतात आणि ताज्या ग्लायोसिसमध्येही तेवढ्या रंगू शकतात. जंतुसंसर्ग असेल तर तिथे जमलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभागत असतात, आणि टक्का उगाच फुगतो. म्हणून नुसत्या टक्क्यावरून निकाल लावता येत नाही.

पी५३ चंही तसंच. पुष्कळ पेशींची केंद्रकं गडद रंगली तर कल गाठीकडे जातो, फिका रंग मात्र प्रतिक्रियेतही येतो. यातला मोठा सापळा म्हणजे पीएमएल हा आजार. एचआयव्हीमुळे किंवा काही औषधांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांना जेसी नावाच्या विषाणूपासून तो होतो. त्यात ॲस्ट्रोसाइट अक्राळविक्राळ दिसतात आणि पी५३ व केआय-६७ हे दोन्ही पॉझिटिव्ह येऊ शकतात. गाठ समजून पुढे जायला सगळं तयार असतं, आणि आजार भलताच निघतो. रुग्णाचा जुना इतिहास पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

आयडीएच: चित्र बदलणारा रंग

२००८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ग्लायोब्लास्टोमा या गाठींच्या जनुकांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयडीएच-१ या जनुकातला एक अगदी नेमका बदल समोर आला. पुढच्याच वर्षी दिसून आलं, की कमी श्रेणीच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या पसरट ग्लायोमांमध्ये हा बदल बहुसंख्य रुग्णांत असतो. प्रथिनाच्या साखळीत १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येऊन बसतं. म्हणून त्याचं नाव आर१३२एच.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने फक्त या बदललेल्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी तयार केली आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती नवं हत्यार आलं. आधीचे मार्कर ‘किती’ ते सांगत होते: तंतू किती, विभाजन किती. प्रतिक्रिया आणि गाठ यांत तेवढ्यापुरता फरक कमी-जास्तीचा होता. आयडीएचचा रंग ‘आहे की नाही’ असं सांगतो. बदललेलं प्रथिन जखम भरणाऱ्या ॲस्ट्रोसाइटमध्ये तयारच होत नाही. त्यामुळे ग्लायोसिससारख्या दिसणाऱ्या तुकड्यात विखुरलेल्या मोजक्या पेशी जरी स्पष्ट तपकिरी झाल्या, तरी त्या गाठीच्याच. गाठीच्या विरळ कडेचा तुकडा आला असेल तिथे या एका रंगाने निदान होऊ शकतं. रेडिएशननंतर पुन्हा काढलेल्या तुकड्यात वण आणि परतलेली गाठ यांचा गुंता सोडवायलाही तो कामी येतो, पण मूळ गाठीत हा बदल असेल तरच.

निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ नव्हे

रिपोर्ट वाचताना सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ‘आयडीएच निगेटिव्ह’ म्हणजे गाठ नाही, असा अर्थ होत नाही. त्याची कारणं तीन.

पहिलं, ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी सुमारे ९० टक्के आर१३२एच या प्रकारचे असतात. उरलेले या अँटिबॉडीला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी जनुकाची तपासणी करावी लागते. दुसरं, उतारवयात होणाऱ्या ग्लायोब्लास्टोमात हा बदल बहुतेक नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तर ग्लायोब्लास्टोमा हे नाव आयडीएच बदल नसलेल्या गाठीसाठीच राखून ठेवलं आहे. म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमा या रंगात निगेटिव्हच येतो. तिसरं, तुकड्यात गाठीची पेशीच आली नसेल तर कुठलाही रंग ती दाखवू शकत नाही.

पॉझिटिव्ह उत्तर पक्कं असतं, निगेटिव्ह उत्तर अर्धवट असतं. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी रिपोर्टबद्दलचा बराच गोंधळ कमी होतो.

हरवलेला रंग आणि मुलांच्या गाठी

आयडीएचच्या जोडीला एटीआरएक्स बघतात. इथे गणित उलटं आहे. निरोगी पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन असतं, आयडीएच बदल असलेल्या ॲस्ट्रोसायटोमांपैकी बऱ्याच गाठींत ते हरवलेलं असतं. म्हणजे रंग न येणं ही गाठीची खूण. पण तुकडा नीट जपला गेला नसेल तरीही रंग येत नाही. म्हणून त्याच काचेवरच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगल्या आहेत ना, हे आधी पाहतात. त्या रंगल्या आणि संशयित पेशी कोऱ्या राहिल्या, तरच ‘हरवलं’ म्हणता येतं.

लहान मुलांच्या गाठी वेगळ्या असतात. मेंदूच्या मध्यरेषेवर, विशेषतः मस्तिष्क-स्तंभात होणाऱ्या पसरट ग्लायोमात हिस्टोन प्रथिनाचा एच३ के२७एम हा बदल सापडतो, आणि त्यासाठीही अँटिबॉडी आहे. मस्तिष्क-स्तंभातून तुकडा कणभरच काढता येतो. तिथे हा रंग फार मोलाचा ठरतो. मुलांच्या आणि तरुणांच्या काही गाठींत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल असतो, त्याचाही रंग उपलब्ध आहे.

गाठ नसेल तर मग काय?

गाठ नाही असं नुसतं म्हणून भागत नाही. मग ग्लायोसिस कशामुळे झाली, ते शोधावं लागतं. त्यासाठी रंगांची दुसरी फळी आहे.

भारतात या यादीत क्षय वरच्या बाजूला असतो. झील-नेल्सन रंगात क्षयाचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. मेंदूतल्या क्षयाच्या गाठीत जंतू थोडे असतात, त्यामुळे इथेही निगेटिव्ह रंगाने क्षय निकालात निघत नाही. बुरशीसाठी पीएएस आणि चांदीचा रंग वापरतात. पट्टकृमीच्या अळ्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हे आपल्याकडे फिट्सचं मोठं कारण. स्कॅनमध्ये दिसणारे असे छोटे ठिपके एके काळी सर्रास क्षयाचे समजले जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढलेले तुकडे तपासून दाखवलं, की त्यांतले पुष्कळसे या अळीचे असतात.

मायलिन झडण्याचा आजार कधी कधी स्कॅनवर अगदी गाठीसारखा दिसतो. तिथे तीन रंग एकत्र बघतात. लक्सॉल फास्ट ब्लू मायलिनला निळं करतो, न्यूरोफिलामेंट चेतातंतू दाखवतो आणि सीडी६८ मुळे सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी दिसतात. मायलिन ठळक सीमेपर्यंत नाहीसं झालंय, तंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि मॅक्रोफेजची गर्दी आहे, असं चित्र दिसलं तर ग्लायोमाचं निदान करण्याआधी दहादा विचार करतात. उपचार न झालेल्या पसरट ग्लायोमात मॅक्रोफेजची एवढी दाटी सहसा नसते. हा फरक हुकला, तर स्टेरॉइडने आटोक्यात येऊ शकणाऱ्या आजाराला रेडिएशन मिळू शकतं.

चूक लॅबच्या आधीही होऊ शकते

रंग कितीही नेमका असला तरी तुकडा चुकीच्या जागेचा असेल तर तो काय करणार? एमआरआयमध्ये मोठी गाठ आणि काचेवर नुसती ग्लायोसिस, असा विसंवाद आला तर बहुतेक वेळा सुई कडेला लागलेली असते. अशा वेळी रिपोर्ट ‘गाठ नाही’ असा न वाचता ‘या तुकड्यात गाठ सापडली नाही’ असा वाचायचा. पुन्हा बायोप्सी करायची की काही आठवड्यांनी एमआरआय बघायचा, हे न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट मिळून ठरवतात.

स्टेरॉइडचा मुद्दाही महत्त्वाचा. लिम्फोमाच्या गाठी स्टेरॉइडने काही दिवसांतच विरघळल्यासारख्या होतात. मग तुकड्यात उरतात मॅक्रोफेज आणि ग्लायोसिस. बायोप्सीआधी रुग्णाला स्टेरॉइड दिलं होतं का, हे पॅथॉलॉजिस्टला कळलंच पाहिजे. तुकडा वेळेवर आणि पुरेशा फॉर्मलिनमध्ये न ठेवता तसाच सुकू दिला तर प्रथिनं बिघडतात आणि रंग खोटं बोलू लागतात. शिवाय प्रत्येक स्टेनला ब्लॉकचा एक काप खर्च होतो. छोट्या तुकड्यावर सरसकट वीस मार्कर लावले तर जनुक तपासणीसाठी काही उरत नाही. म्हणून मोजकेच आणि क्रमाने स्टेन मागवणं हे चांगल्या पॅथॉलॉजिस्टचं लक्षण.

ब्लॉक हद्द ओलांडतो तेव्हा

सीमाभागातल्या कुटुंबांना उपचारासाठी राज्य बदलणं नवं नाही. बेळगावचा रुग्ण बेंगळुरूच्या निम्हान्सला किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलला जातो, बिदरचा हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटला. राज्याची हद्द बदलली तरी रिपोर्टची भाषा तीच राहते. पण रिपोर्टचा नुसता कागद नेऊन दुसरं मत मिळत नाही, त्यासाठी मूळ तुकडा लागतो.

त्यामुळे निघण्याआधी पहिल्या हॉस्पिटलच्या लॅबकडे लेखी अर्ज देऊन मेणाचे ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड मागून घ्याव्यात. त्यांच्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतो की नाही ते तिथेच बघावं. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नयेत, मेण वितळतं. सोबत एमआरआयची सीडी, ऑपरेशनच्या नोट्स आणि औषधांची यादी घ्यावी. स्टेरॉइड, फिट्सची औषधं, क्षयाचे किंवा एचआयव्हीचे उपचार यांतलं काहीही लपवू नये.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही मोजकेच आहेत. तुकडा गाठीच्या मधला आहे की कडेचा? काचेवर जे दिसलं ते एमआरआयशी जुळतं का? आयडीएच केलं का, आणि निगेटिव्ह आलं असेल तर जनुक तपासणीची गरज आहे का? ग्लायोसिस म्हटली असेल तर तिचं कारण काय?

आयडीएचचं उत्तर आता फक्त नाव ठरवण्यापुरतं राहिलेलं नाही. हा बदल असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमांसाठी व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. गोळी कुणाला लागू पडेल हे याच तपासणीवरून ठरतं. म्हणून उपचार संपला तरी ब्लॉक सांभाळून ठेवावा. पुढे नवा प्रश्न उभा राहिला तर त्याच तुकड्याचा आणखी एक काप काढून उत्तर शोधता येतं, पुन्हा डोकं उघडावं लागत नाही.